ट्रॅफिक वाढलं की कर्नल पॅनिक: दोष नेटवर्कचा की आणखी कुणाचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही तपासता येईल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून केलेला गेटवे, म्हणजे दोन नेटवर्कांना जोडणारं मशीन, त्यात दोन नेटवर्क कार्डं. एका बाजूला कारखान्याचे कॅमेरे आणि डिझाइनचे कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला ऑफिस आणि इंटरनेट. संध्याकाळी शिफ्ट बदलताना कॅमेऱ्यांचं फुटेज ऑफिसच्या सर्व्हरवर जायला लागतं आणि पाच-दहा मिनिटांत गेटवे पडतो. स्क्रीनवर शेवटची ओळ ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; न सुधारता येणारी चूक दिसली की तो सगळं थांबवतो, ते पॅनिक.) तुम्ही केबल बदलली, स्विच बदलला, दोनदा सिस्टिम नव्याने टाकली. मालक म्हणतात, “सारखं बंद पडायलंय, नवीन मशीन घेऊन टाकू का?” आणि तुम्ही विचारताय की ट्रॅफिक कमी करावं की मोठं मशीन घ्यावं.

माझं उत्तर: सध्या यातलं काहीच करू नका. धड कर्नल आणि धड हार्डवेअर कितीही ट्रॅफिक आलं तरी पॅनिक होत नाही. फार तर पॅकेटं टाकून देईल, मशीन मंद होईल, लोक ओरडतील. पॅनिकचा अर्थ कुठेतरी काहीतरी चुकीचं आहे आणि ट्रॅफिकने ते बाहेर काढलं. ते चुकीचं काय आहे हे न कळता नवीन मशीन घेतलं आणि त्यात तेच कार्ड, तोच ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) गेला, तर पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा इथेच याल.

गेली कित्येक वर्षं मी सोलापुरातल्या कारखान्यांची, दवाखान्यांची आणि दोन-तीन केबलवाल्यांची लिनक्स मशीन सांभाळतो. अशा तक्रारीत मी पहिला प्रश्न एकच विचारतो: मशीन दर वेळी एकाच जागी पडतं, की वेगवेगळ्या जागी? निम्मं निदान त्या उत्तरात असतं. ते उत्तर तुमच्याकडे अजून नाही, कारण तुमच्याकडे फक्त शेवटची ओळ आहे. ती ओळ सगळ्यात कमी कामाची.

का, ते सांगतो. पॅकेट आलं की कार्ड ते थेट मेमरीत लिहितं आणि प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून इकडे बघ असा इशारा, देतं. मग ड्रायव्हर त्या इंटरप्टच्या पाठोपाठ पॅकेटं उचलून वरच्या थरांकडे देतो. हे काम कुठल्याही एका प्रोग्रॅमच्या नावावर चालत नाही. साध्या प्रोग्रॅमचं काम करताना कर्नलच्या आत चूक झाली, तर कर्नल त्या प्रोग्रॅमला मारून बऱ्याचदा पुढे चालू राहतो. त्याला ऊप्स म्हणतात. पण इंटरप्टमध्ये चूक झाली तर मारायला कोणी नसतंच, म्हणून सगळंच थांबवावं लागतं. ‘फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट’चा अर्थ एवढाच की चूक उघड झाली तेव्हा प्रोसेसर इंटरप्टच्या कामात होता. जास्त ट्रॅफिक असलेल्या गेटवेचा प्रोसेसर तसाही बहुतेक वेळ तिथेच असतो. म्हणजे मेमरीची चिप खराब असली, तरी तुम्हाला दिसणार हीच ओळ.

म्हणून पहिलं काम म्हणजे पूर्ण मजकूर पकडणं. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो पुरत नाही, कारण महत्त्वाचा भाग वर सरकून गेलेला असतो. बऱ्याचदा स्क्रीन आधीच काळी झालेली असते. बूटच्या ओळीत ‘कन्सोलब्लँक’ शून्य केलंत तर निदान ती काळी होणार नाही. खरा उपाय म्हणजे नेटकन्सोल. त्यात कर्नल आपले संदेश यूडीपीने (पोच न मागता पॅकेटं पाठवायची साधी पद्धत) दुसऱ्या मशीनला पाठवतो, नेहमीचं पोर्ट ६६६६. पलीकडे एखादा जुना कॉम्प्युटर फक्त ते ऐकून फाइलमध्ये लिहीत बसतो. इथे दोन गोष्टी लोक विसरतात. एक, कन्सोलची पातळी (कुठले संदेश बाहेर दाखवायचे ते ठरवणारा आकडा) ८ करा, नाहीतर निम्मा मजकूर पाठवलाच जात नाही. दुसरी, जे कार्ड संशयित आहे त्याच कार्डातून नेटकन्सोल पाठवू नका. ते कार्ड अडकलं तर मजकूरही त्याच्याबरोबर अडकणार. एखादं साधं तिसरं कार्ड बसवा आणि ऐकणारा कॉम्प्युटर सरळ केबलने त्याला जोडा. मदरबोर्डवर सिरियल पोर्ट असेल तर त्याहून उत्तम, कारण तिथे नेटवर्कचा संबंधच येत नाही.

जोडीला केडंप लावा. बूटच्या वेळी थोडी मेमरी, साधारण २५६ एमबी, बाजूला राखून ठेवायची. पॅनिक झालं की त्या राखीव जागेतून दुसरा छोटा कर्नल उठतो आणि मेलेल्या कर्नलची मेमरी फाइलमध्ये उतरवतो. ही फाइल स्थानिक डिस्कवरच ठेवा, नेटवर्कवरच्या सर्व्हरवर नको. दुसरा कर्नल उठतो तेव्हा कार्ड रीसेट झालेलं नसतं, ते अजून आधीच्याच गोंधळात असू शकतं. आणि लावल्यावर एकदा चाचणी घ्याच. रविवारी, कोणी काम करत नसताना, डिस्कवरचं सगळं लिहून झाल्यावर, सिस-आरक्यू या कर्नलला थेट हुकूम द्यायच्या सोयीच्या ट्रिगर फाइलमध्ये ‘सी’ लिहून मुद्दाम पॅनिक घडवा आणि फाइल तयार होते का बघा. केडंप लावलाय असं सांगणाऱ्या कितीतरी जणांच्या मशीनवर तो ऐनवेळी उठलाच नाही, कारण ही चाचणी कोणी घेतली नव्हती.

आता मजकूर हातात आल्यावर तो वाचायचा कसा.

सगळ्यात पहिला ऊप्स शोधा. नंतरचे बहुतेक त्याचेच परिणाम असतात. संदेशात ‘टेंटेड’, म्हणजे कर्नल डागाळल्याची खूण, याच्या पुढे डी हे अक्षर असेल, तर याआधी एक ऊप्स होऊन गेलाय आणि तुम्ही दुसरा वाचताय. त्याच ओळीत ओ असेल, तर कर्नलच्या बाहेरून आणलेला ड्रायव्हर चढवलेला आहे. पी असेल तर बंदिस्त परवान्याचा मॉड्यूल (कर्नलला जोडलेला तुकडा) आहे. एम असेल तर प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरची चूक नोंदवलेली आहे. अशा वेळी बाकी सगळं सोडून आधी हार्डवेअरकडे जा.

मग ‘आरआयपी’ची ओळ, म्हणजे चूक झाली तेव्हा प्रोसेसर कोडमध्ये कुठे होता ती. तिथे फंक्शनचं नाव आणि अधिक चिन्हापुढे आकडा असतो: फंक्शनच्या आत नेमकं कुठे. खालच्या कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठल्या फंक्शनला बोलावलं त्या यादीत, ज्या नावांआधी प्रश्नचिन्ह आहे ती धरू नका, ती स्टॅकवर उरलेली जुनी नावं असू शकतात. आणि कुठल्या पत्त्यावर हात घालताना चूक झाली तो पत्ता बघा. अगदी लहान पत्ता, म्हणजे बरीच शून्यं आणि शेवटी १८ किंवा ३० असं काही असेल, तर रिकामा पॉइंटर (कुठेच न नेणारा पत्ता) वापरला गेला. पत्ता इंग्रजी ‘डेड’ (dead) या चार अक्षरांनी सुरू होत असेल, तर यादीतून आधीच काढून टाकलेली वस्तू कोणीतरी पुन्हा वापरली. काढून टाकलेल्या वस्तूत कर्नल मुद्दाम तसा आकडा भरून ठेवतो. स्लबची (कर्नलच्या मेमरी वाटपाची) तपासणी चालू केली असेल आणि ‘६बी६बी६बी’ अशी रांग दिसली, तर ती मोकळी करून टाकलेली मेमरी. हे शेवटचे दोन्ही प्रकार बहुधा सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतात.

असे तीन मजकूर गोळा करा. एकावर थांबू नका. मग ते शेजारीशेजारी ठेवा.

तिन्हीत तेच फंक्शन, तोच आकडा असेल, तर तो बग आहे, ड्रायव्हरचा किंवा नेटवर्कच्या वरच्या थरांचा. तिन्ही वेगवेगळे असतील, एकदा ड्रायव्हरमध्ये, एकदा फायरवॉलच्या कोडमध्ये, एकदा फाइल सिस्टिममध्ये, तर माझा पहिला संशय रॅम, पॉवर सप्लाय किंवा उष्णता यांच्यावर जातो.

याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्यासारखाच टॉवेलचा कारखाना, तुमच्यासारखीच तक्रार. सगळे नेटवर्कलाच दोष देत होते, कारण फाइल कॉपी सुरू केली की मशीन पडायचं. मी नेटकन्सोल लावला. चार दिवसांत चार मजकूर आले आणि चारही ठिकाणं वेगळी. एका मजकुरात यादी बिघडल्याची तक्रार होती: अपेक्षित पत्ता आणि सापडलेला पत्ता, दोन्ही छापलेले. मी ते दोन आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. सोळापैकी पंधरा अंक तेच, एकच वेगळा, आणि तो अंक सुटा केला तर फरक एकाच बिटाचा. प्रोग्रॅमच्या चुकीने सहसा असा नेमका एक बिट उलटत नाही. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालवला. पहिल्या फेरीत काही नाही, दुसऱ्या फेरीत लाल ओळी. एक रॅम बदलली आणि तक्रार संपली. फाइल कॉपी करताना पॅकेटांसाठी मेमरीची पानं भराभर घेतली आणि सोडली जातात, म्हणून खराब पान वापरात यायची शक्यता वाढायची. नेटवर्कचा दोष काहीच नव्हता. मेमटेस्ट एका फेरीवर थांबवू नका हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

आपल्याकडे हार्डवेअरवर संशय घ्यायला कारणंही आहेत. टॉवेलच्या शेडमध्ये सुताची बारीक लव हवेत असते. ती हीटसिंकच्या पात्यांमध्ये आणि पॉवर सप्लायच्या जाळीवर वाकळीसारखी बसते. त्यात एप्रिल-मेचं सोलापूर, बाहेर ४२-४३ अंश, शेडमध्ये त्याहून जास्त. त्यामुळे कुठलाही मजकूर न येता मशीन एकदम रीस्टार्ट होत असेल, तर तो बहुधा कर्नल पॅनिक नाही. वीज, पॉवर सप्लाय किंवा तापमान बघा. वीज आल्यावर लूम एकदम सुरू होतात तेव्हा व्होल्टेज खाली बसतं, ती वेळ आणि पडण्याची वेळ जुळते का हेही नोंदवा. शिवाय दोन शेडमध्ये तांब्याची नेटवर्क केबल टाकलेली असेल आणि दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असेल, तर पावसाळ्यात विजांच्या दिवसांत कार्डाचं पोर्ट अर्धवट जळतं. लिंकचा दिवा लागतो, थोडं ट्रॅफिक चालतंही, पण भार आला की कार्ड वेड्यासारखं वागतं. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी.

पण तुमच्या बाबतीत दुसरी शक्यताही तितकीच दाट वाटते, आणि ती ड्रायव्हरची. तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या कार्डाचा ड्रायव्हर सिस्टिममध्ये मिळाला नाही म्हणून उत्पादकाच्या साइटवरून आणून बसवला. दोनदा सिस्टिम नव्याने टाकली तेव्हा दोन्ही वेळा तोच बसवला असणार. म्हणजे संशयित तुम्ही दर वेळी आपल्या हाताने परत घरात घेतलात. कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते. कर्नलच्या आतले ड्रायव्हर त्याबरोबर बदलले जातात, बाहेरचे मागे राहतात. आधी हे बघा की आताच्या कर्नलमध्ये त्या कार्डासाठी स्वतःचा ड्रायव्हर आलाय का. बहुतेक साध्या कार्डांसाठी आलेला असतो.

ड्रायव्हर बदलायच्या आधी ऑफलोड, म्हणजे पॅकेटांचं काम हलकं करणाऱ्या सोयी, तपासा. गेटवेवर हे विशेष महत्त्वाचं, आणि म्हणूनच तुमचा गेटवे पडतो पण तेच कार्ड असलेला फाइल सर्व्हर पडत नाही असं घडू शकतं. येणाऱ्या बाजूला जीआरओ नावाची सोय लहान पॅकेटं जोडून एक मोठं पॅकेट बनवते, म्हणजे वरच्या थरांना कमी वेळा काम करावं लागतं. गेटवेत ते मोठं पॅकेट तसंच दुसऱ्या कार्डाकडे जातं आणि तिथे टीएसओ ही सोय कार्डाकडूनच त्याचे पुन्हा तुकडे करवते. दोन कार्डं वेगळ्या बनावटीची असली तर एकाने बांधलेलं गाठोडं दुसऱ्याच्या ड्रायव्हरला नीट सोडता येत नाही, असं होतं. ईथटूल (कार्डाच्या सेटिंग बघायचा आणि बदलायचा प्रोग्रॅम) वापरून एका वेळी एकच सोय बंद करा: आधी बाहेरच्या कार्डाचं टीएसओ, एक दिवस बघा, मग आतल्या कार्डाचं जीआरओ. एकदम सगळं बंद केलंत आणि मशीन टिकलं, तर कशामुळे टिकलं हे कधीच कळणार नाही. ऑफलोड बंद केल्यावर प्रोसेसरवर भार वाढतो. तो तुमच्या जुन्या प्रोसेसरला झेपेल का हे तुमच्या ट्रॅफिकवर अवलंबून आहे, मी इथून सांगू शकत नाही.

एक प्रकार फसवा असतो. कार्ड चुकीच्या मेमरीत लिहून जातं आणि नंतर भलताच कोणीतरी, समजा फाइल सिस्टिम, त्या बिघडलेल्या पानावर पाय ठेवून पडते. मजकूर फाइल सिस्टिमचा, अपराधी कार्ड. प्रोसेसर आणि मदरबोर्डवर सोय असेल तर बायोसमधून आणि बूटच्या ओळीतून आयओएमएमयू चालू करा. मग कार्डाने परवानगी नसलेल्या पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला की तो तिथेच अडवला जातो आणि कार्डाच्या क्रमांकासह नोंद होते. रॅम चांगली आहे, जागा वेगवेगळ्या आहेत, आणि तरीही पडतंय, अशा वेळी हा उपाय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय.

सगळंच पॅनिक नसतं हेही लक्षात ठेवा. ‘नेटडेव्ह वॉचडॉग, ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ असा मजकूर कॉल ट्रेससकट येतो आणि लोक घाबरतात. ती फक्त सूचना असते की कार्डाने पॅकेटं बाहेर पाठवणं थांबवलंय. ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद’ म्हणजे प्रोसेसर २० सेकंदांहून जास्त एकाच कामात अडकून पडला. ‘पेज अलोकेशन फेल्युअर’ म्हणजे त्या क्षणी सलग मेमरी मिळाली नाही. या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे सरसकट ‘क्रॅश’ म्हणू नका.

आता मुद्दाम पाडून बघण्याबद्दल. रोज संध्याकाळची वाट बघण्यापेक्षा रविवारी आयपर्फ-३ (मुद्दाम ट्रॅफिक तयार करणारा प्रोग्रॅम) चालवा, गेटवेच्या दोन्ही बाजूंना एकेक लॅपटॉप लावून. इथे बहुतेक जण एक चूक करतात: फक्त एमबीपीएस बघतात. ड्रायव्हरला त्रास होतो तो मुख्यतः पॅकेटांच्या संख्येचा. एक गिगाबिटच्या लाइनवर १५०० बाइटची पॅकेटं सेकंदाला साधारण ८१ हजार बसतात. सगळ्यात लहान ६४ बाइटच्या फ्रेम्स त्याच लाइनवर १४ लाख ८८ हजार बसतात. म्हणून मोठ्या फाइलवर टिकलेलं मशीन लहान यूडीपी पॅकेटांवर पडू शकतं, आणि त्याउलटही. दोन्ही प्रकार चालवा, दोन्ही दिशांना एकदम चालवा, मध्ये फायरवॉलचे नियम काढून बघा, घालून बघा. ठरावीक मिश्रणावर दहा मिनिटांत पडतंय असं एकदा ठरलं की पुढची प्रत्येक दुरुस्ती खरी का खोटी हे दहा मिनिटांत कळतं.

कधी कधी प्रमाणाचा नव्हे, पॅकेटच्या आतल्या मजकुराचा प्रश्न असतो. २०१३ मध्ये इंटेलच्या ८२५७४एल या कार्डाचं असंच प्रकरण गाजलं. पॅकेटच्या एका ठरावीक जागी ठरावीक बाइट आला की कार्ड गप्प व्हायचं आणि मशीनची वीज काढून परत दिल्याशिवाय जागं व्हायचं नाही. मूळ कारण एका मदरबोर्ड उत्पादकाने कार्डाच्या ईईप्रॉममध्ये (सेटिंग साठवणाऱ्या चिपमध्ये) भरलेली चुकीची माहिती हे निघालं. आणि जून २०१९ मध्ये सॅक पॅनिक नावाची कर्नलची त्रुटी उघड झाली. लिनक्स २.६.२९ पासूनच्या कर्नलना बाहेरून कोणीही मुद्दाम रचलेल्या टीसीपी पॅकेटांनी पाडू शकत होतं. त्यामागचं गणित बघण्यासारखं आहे: एका बफरला १७ तुकडे, प्रत्येकी ३२ केबी, आणि पलीकडच्याने एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती डेटा घ्यायचा तो आकडा) इतका लहान सांगितला की प्रत्येक पॅकेटात फक्त ८ बाइट डेटा मावेल. भागाकार येतो ६९,६३२. तो मोजायची जागा १६ बिटांची, तिची मर्यादा ६५,५३५. आकडा ओसंडला आणि कर्नलने स्वतःलाच थांबवलं. तुमच्या गेटवेवर इंटरनेटच्या बाजूने काही उघडं असेल आणि कर्नल जून २०१९ च्या आधीचा असेल, तर बाकी काही करण्याआधी तो अद्ययावत करा. ही दुरुस्ती तशीही हवीच.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आज कॅबिनेट उघडून लव साफ करा, तापमान बघा. रात्री मेमटेस्ट लावा, सकाळपर्यंत. सकाळी नेटकन्सोल आणि केडंप. मग ऑफलोडची एकेक सोय, मग कर्नल अद्ययावत, बाहेरचा ड्रायव्हर काढून आतला. हे एकाच दिवशी करू नका, प्रत्येकात एक संध्याकाळ जाऊ द्या आणि वहीत तारीख, वेळ, काय बदललं, पडलं का, एवढं लिहा. मालकांना सांगा की आठवडा लागेल. नवीन मशीनपेक्षा हा आठवडा स्वस्त आहे. तोवर काम अडू नये म्हणून फुटेजची कॉपी रात्री उशिरा आणि कमी वेगाने लावा, पण ती तात्पुरती सोय आहे हे त्यांना स्पष्ट सांगून ठेवा, नाहीतर तीच कायमची होऊन बसते.

गेटवे खऱ्या मशीनवर आहे असं धरून मी हे सगळं लिहिलंय. तो व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत असेल तर सांगा. मग पडतो कोण, आतला कर्नल की बाहेरचा, हे आधी ठरवावं लागेल आणि रॅम, कार्ड, आयओएमएमयू हे सगळं बाहेरच्या मशीनवर तपासावं लागेल.

तीन मजकूर जमले की ‘कट हिअर’ किंवा ‘बग’ या ओळीपासून ‘एंड ट्रेस’पर्यंत जसेच्या तसे पाठवा, मधलं काही गाळू नका. सोबत कर्नलची आवृत्ती, दोन्ही कार्डांचे मॉडेल आणि ईथटूलने दाखवलेलं ड्रायव्हरचं नाव. आरआयपीच्या तीन ओळी आपण एकाखाली एक मांडून बघू.